चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘साधी गाठ’

त्वचेच्या गाठीच्या सोनोग्राफीसाठी माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साधारण तीनपैकी एक मजकूर असतो. ‘सेबेशियस सिस्ट’ (त्वचेखालची पिशवीसारखी गाठ), ‘लायपोमा’ (चरबीची गाठ), नाहीतर नुसतंच ‘गाठ आहे, बघून कळवा’. तिसरी चिठ्ठी मला सगळ्यात आवडते, कारण तिने आधीच काही ठरवून टाकलेलं नसतं. पहिल्या दोन बहुतेक वेळा बरोबर निघतात, हेही सांगायला हवं. घोळ होतो तो त्यामुळेच. दुर्मीळ गाठ कधी स्वतःच्या नावाने येत नाही. ती साध्या गाठीच्या नावावरच रांगेत बसलेली असते.

मी रेडिओलॉजिस्ट. दिवसभराचं काम सोनोग्राफीचं: पोट, थायरॉइड, गर्भ, पायाच्या शिरा. त्वचेकडे वळले ती एका त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीच्या तगाद्यामुळे. ती मला ऐकवायची, “तुम्ही लोक आयुष्यभर त्वचेतून आत बघता, पण त्वचेकडे काही बघत नाही.” बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. पोट बघताना त्वचा म्हणजे स्क्रीनच्या वरच्या काठाला चिकटलेली एक पांढरी पट्टी. तिच्याकडे लक्ष द्यायचं कारणच पडत नाही.

लक्ष दिलं असतं तरी पोटाच्या प्रोबने (अंगावर फिरवायच्या, ध्वनिलहरी सोडणाऱ्या यंत्राने) काही दिसलं नसतं, हा भाग वेगळा. शरीराच्या ऊतींमध्ये आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. पोटासाठी वापरतो त्या ३.५ मेगाहर्ट्झच्या प्रोबची तरंगलांबी त्या हिशेबाने ०.४४ मिलिमीटर होते. पापणीची अख्खी त्वचा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसते. तिथे या प्रोबने काय वेगळं काढणार? २० मेगाहर्ट्झला तीच तरंगलांबी ०.०८ मिलिमीटरवर येते आणि मग त्वचेचे थर सुटे दिसायला लागतात. किंमत मोजावी लागते ती आवाज किती खोल जातो त्यात. कंपनसंख्या वाढवाल तितका आवाज लवकर विरतो. ७० मेगाहर्ट्झचा प्रोब केसाचं मूळ दाखवेल, पण काही मिलिमीटरच्या पुढे त्याला अंधार. म्हणून मी एकाच प्रोबवर विसंबत नाही. जाड गाठ असेल तर आधी कमी कंपनसंख्येने तिचा तळ गाठायचा आणि मग जास्तीच्या प्रोबने वरचा भाग बारकाईने बघायचा.

हे तंत्र काही काल-परवाचं नाही. १९७९ साली अलेक्झांडर आणि मिलर यांनी १५ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरींनी त्वचेची जाडी मोजून दाखवली होती. मात्र रोजच्या कामात ते यायला बरीच वर्षं गेली. चिलीमधल्या रेडिओलॉजिस्ट हिमेना वोर्ट्समन यांचं नाव या विषयात वारंवार येतं. त्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात त्वचेवरच्या चार हजारांहून जास्त विकारांची सोनोग्राफी होती. नुसतं बघून-चाचपून केलेलं निदान ७३ टक्के वेळा बरोबर होतं, सोनोग्राफीची जोड दिल्यावर ते ९७ टक्क्यांवर गेलं. आकडा घसघशीत आहे. पण तो वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या हातांचा आहे. नवा प्रोब विकत घेतला की ९७ टक्के आपोआप येत नाहीत, एवढं मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते.

निरोगी त्वचा पडद्यावर कशी दिसते ते आधी डोळ्यांत बसवावं लागतं. सगळ्यात वर एपिडर्मिसची, म्हणजे त्वचेच्या बाहेरच्या थराची, एक चकचकीत पांढरी रेघ. तळहात-तळपायांवर तीच रेघ दुहेरी होते, कारण तिथला वरचा टणक थर जाड असतो. खाली डर्मिसचा, म्हणजे त्वचेच्या आतल्या जाड थराचा, करडा-पांढरा पट्टा. त्यातल्या कोलॅजनमुळे तो उजळ दिसतो. त्याखाली काळपट चरबी, तिच्यातून आडव्यातिडव्या जाणाऱ्या पांढऱ्या रेषा. उन्हात आयुष्य काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एपिडर्मिसच्या लगेच खाली एक काळी पट्टी दिसते. ही उन्हाने केलेली झीज. त्याच माणसाच्या दंडाच्या आतल्या बाजूला प्रोब ठेवला की ती पट्टी गायब. नवशिक्याला ही पट्टी म्हणजे पसरट गाठ वाटू शकते, म्हणून मी शेजारची आणि दुसऱ्या बाजूची त्वचा बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

आणि दाबायचं नाही. पोट बघताना आमचा हात दाबायला सोकावलेला असतो. त्वचेत तो धुवून काढावा लागतो. मी जेलचा चांगला जाड ढीग घालते, करंगळी रुग्णाच्या अंगावर टेकवते आणि प्रोब त्या ढिगात तरंगत ठेवते. जरा भार पडला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि डॉपलरवर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, रक्तप्रवाह नाहीसा होतो. रक्तप्रवाह दिसत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी, असं तुम्ही लिहून मोकळे होता आणि दोष असतो तुमच्या मनगटाचा.

आता त्या रांगेतल्या गाठींकडे.

एक वयस्कर काका आले होते. गालावर लालसर-जांभळा, घुमटासारखा फुगवटा. दुखत नाही, खाजत नाही. चिठ्ठीवर ‘इन्फेक्टेड सिस्ट’. अँटिबायोटिकचा कोर्स झालेला. काकांना स्वतःला या सगळ्याचा कंटाळा आला होता. “फोडून टाका की, मॅडम,” असा त्यांचा धोशा. “पण वाढतंय हो भराभर,” काकू मागून म्हणाल्या. माझ्या दृष्टीने त्या सकाळचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते होतं.

प्रोब ठेवला तर आत काळी गाठ आणि तिच्या मागचा भाग उजळलेला. रेडिओलॉजी शिकायला लागल्यावर पहिल्या काही दिवसांत पाठ होतं ते हेच: काळं, आणि मागे उजेड, म्हणजे पाणी, म्हणजे सिस्ट. इथेच थांबलं तर चिठ्ठी बरोबर ठरते आणि सगळे घरी जातात. पण ज्या गाठीत एकसारख्या पेशी गच्च भरलेल्या असतात, तीसुद्धा आवाज असाच आरपार जाऊ देते. लिम्फोमा (लसीकापेशींचा कर्करोग) देतो, मर्केल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक दुर्मीळ, झपाट्याने वाढणारा कर्करोग) देतो. डॉपलर लावला तर गाठीच्या पोटात रक्तवाहिन्यांचं जाळं पेटलं. सिस्टच्या आत रक्त वाहत नसतं. सुजलेल्या सिस्टच्या भोवती वाहील, भिंतीत वाहील, पण आत नाही. शिवाय खालची कडा चरबीत वेडीवाकडी घुसलेली. मी तसाच प्रोब मानेवर नेला. जबड्याखाली एक लसीकाग्रंथी गोल गरगरीत झालेली, मधला नेहमीचा पांढरा गाभा हरवलेला.

मी रिपोर्टात ‘मर्केल सेल’ लिहिलं नाही. लिहिलं ते असं: गाठ भरीव आहे, आत रक्तपुरवठा आहे, डर्मिसमधून चरबीत शिरली आहे, मानेत संशयास्पद ग्रंथी आहे, सिस्टशी हे चित्र जुळत नाही, चिरा देऊन निचरा करू नये, बायोप्सी करावी. ते नाव पॅथॉलॉजिस्टने दिलं.

हा कर्करोग टोकर यांनी १९७२ साली प्रथम वर्णन केला. त्यातल्या बऱ्याच रुग्णांच्या गाठींत एक विषाणू असतो, हे २००८ साली कळलं. त्याच वर्षी १९५ रुग्णांचा एक अभ्यास आला होता. बायोप्सीआधी निम्म्याहून जास्त रुग्णांत डॉक्टरांनी ही गाठ निरुपद्रवी समजली होती आणि सगळ्यात जास्त वेळा काय समजली होती? सिस्ट. म्हणून भराभर वाढणारी, न दुखणारी, उन्हाच्या जागेवरची, पन्नाशीपुढच्या माणसाची गाठ समोर आली की ‘सिस्ट’ हा शब्द मी मनातसुद्धा उच्चारत नाही. आधी डॉपलर.

त्वचेच्या सोनोग्राफीचं सगळ्यात मोठं काम मला तरी हेच वाटतं: हरकत घेणं. ही गाठ अमुकच आहे, असं ती क्वचितच सांगू शकते. पण तुम्ही समजताय ती ही नाही, हे ती पुष्कळदा ठणकावून सांगते. दुर्मीळ गाठींच्या बाबतीत तेवढंही पुरतं, कारण तिथे नुकसान होतं ते नाव न सापडल्यामुळे नाही, चुकीचं नाव खपून गेल्यामुळे.

सर्जन मंडळींना हे पटवणं अवघड जातं. “मॅडम, दोन पानं लिहिलीत, पण नाव कुठाय?” असा फोन येतोच. नाव मी शेवटी लिहिते आणि तेही दोन-तीन शक्यतांच्या रूपात. त्याआधी गाठ कुठल्या थरात आहे, तिन्ही मापं, त्वचेच्या पृष्ठभागापासून तळ किती खोल, कडा कशा, रक्तवाहिन्या आत की काठाला, आणि शेजारी काय आहे: स्नायू, हाड, मोठी शीर, चेहऱ्यावर असेल तर कानापुढची लाळग्रंथी. चाकू हातात घेतल्यावर उपयोगाला येतं ते हे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स, त्वचेचा एक दुर्मीळ कर्करोग. नाव लांबलचक, म्हणून आम्ही सगळे डीएफएसपी म्हणतो. डारिए आणि फेराँ यांनी १९२४ साली वर्णन केलेली गाठ. फार हळू वाढते, इतकी हळू की रुग्णाला ती ‘कधीचीच’ वाटते. खांद्यावर, छातीवर, पाठीवर एक टणक, तपकिरी-लालसर चट्टा. वर्ष-दोन वर्षांनी त्यावर एखादा उंचवटा येतो. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाच्या चिठ्ठीवर ‘केलॉइड’ (जखमेच्या जागी बेसुमार वाढलेला व्रण) लिहिलेलं होतं आणि त्यात इंजेक्शनंही देऊन झाली होती. मी विचारलं, इथे पूर्वी काही लागलं होतं का, पुरळ, भाजणं, काही? नाही म्हणाला. केलॉइड क्वचित आपणहूनही येतो, पण कारण सापडत नसलं की मी जरा सावध होते.

पडद्यावर डर्मिसमध्ये काळी पट्टी होती. ती तिथेच थांबली असती तर मी गप्प बसले असते. पण तिच्या खालच्या कडेतून चरबीच्या पांढऱ्या रेषांच्या आधाराने बोटांसारखे फाटे उतरत होते, एक इकडे, दोन तिकडे. जमिनीवर वीतभर रोप आणि खाली हातभर मुळं, तसला प्रकार. वरून जेवढा चट्टा दिसत होता त्याच्या हद्दीबाहेर एका बाजूला ही मुळं चांगलीच सरकलेली होती. केलॉइड असा चरबीत उतरत नाही.

हा गाठीचा प्रकार दूरच्या अवयवांत क्वचितच जातो, पण अर्धवट काढला तर त्याच जागी परत येतो, तो या फाट्यांमुळेच. म्हणून मी त्या तरुणाला तसाच पडून राहायला सांगितलं आणि प्रोब इंच इंच सरकवत, जिथे जिथे शेवटचा फाटा संपत होता तिथे तिथे त्वचेवर मार्कर पेनने ठिपका दिला. ठिपके जोडल्यावर जो आकार झाला त्याचा चट्ट्याच्या आकाराशी काही संबंध नव्हता. त्याने मान वळवून आरशात बघितलं आणि म्हणाला, “एवढं?” एवढं. सर्जनलाही फोटो पाठवला. मग बायोप्सी, एमआरआय, सगळं रीतसर झालं.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. जे फाटे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील इतके बारीक असतात ते माझ्या ठिपक्यांच्या बाहेर असू शकतात. त्यामुळे काढलेल्या तुकड्याच्या कडा पॅथॉलॉजिस्टने तपासणं, किंवा जिथे सोय असेल तिथे थर थर काढत लगेच तपासायची मोह्‌ज शस्त्रक्रिया, याला सोनोग्राफी हा पर्याय नव्हे. ती फक्त सर्जनला सुरुवात कुठून करायची ते सांगते. फार पसरलेल्या गाठीसाठी इमॅटिनिब हे औषधही आहे. या गाठीत बहुधा १७ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते आणि औषध नेमकं त्यातून सुटलेल्या वाढीच्या संदेशावर घाव घालतं. गाठ आक्रसतेय का, हे बघायला मग पुन्हा प्रोब कामाला येतो.

१९२४ हे साल दुर्मीळ गाठींच्या भाग्याचं दिसतं. त्याच वर्षी पिएर मासोँ यांनी ग्लोमस ट्यूमरचा खुलासा केला. बोटांच्या टोकांना रक्त किती सोडायचं, याचं नियंत्रण करणारी एक इवलीशी यंत्रणा आपल्या त्वचेत असते. तिच्यातून ही गाठ उगवते. आवडती जागा नखाखाली. आकार काही मिलिमीटर, आणि दुखणं मात्र असं की माणूस हात झटकून उठतो.

अशी रुग्ण खोलीत शिरते तेव्हाच ओळखू येते. दुसऱ्या हाताने ते बोट झाकून धरलेलं असतं. थंड पाण्यात हात घातला की कळ कोपरापर्यंत जाते, कुणाचा धक्का लागला की डोळ्यांत पाणी. आणि एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल, म्हणून कुणीतरी कधीतरी ‘टेन्शन घेऊ नका’ असंही सांगून झालेलं असतं. हे वाक्य ऐकून ऐकून बायका निदानापेक्षा आधी पुराव्यासाठी येतात, असं मला अनेकदा वाटलंय.

नेलपॉलिश काढायचं, नखावर जेलचा डोंगर करायचा. मी आधी टाचणीच्या मागच्या गोल टोकाने नख हळूच दाबत जाते. सगळीकडे ठीक, आणि एका ठिपक्यावर किंकाळी. लव्ह यांची ही चाचणी जुनी आहे, पण प्रोब कुठे ठेवायचा ते तिच्याइतकं कुणी नेमकं सांगत नाही. मग नखाच्या दोन समांतर पांढऱ्या रेघांच्या खाली, नखाच्या गादीत, एक काळा अंडाकृती ठिपका दिसतो. त्याच्या खालच्या हाडाला बऱ्याचदा बशीसारखा खळगा पडलेला. डॉपलर लावला की ठिपका लालनिळ्याने पूर्ण भरून जातो. एवढ्याशा जागेत इतका रक्तप्रवाह, दुखण्याची साक्षच ती. मी स्क्रीन वळवून रुग्णालाही दाखवते. “म्हणजे खरंच आहे ना काहीतरी?” हा प्रश्न मी बऱ्याच जणींच्या तोंडून ऐकलाय.

इथेही मोजमापच महत्त्वाचं. गाठ नखाच्या मुळाशी, जिथून नख उगवतं त्या भागात शिरली आहे का, हे आधी कळलं तर सर्जन वाट बदलतो आणि नंतर नख दुभंगून उगवण्याचा धोका कमी होतो. गाठ पूर्ण निघाली तर दुखणं जातं. राहिली तर परत सगळं पहिल्यापासून.

सगळ्याच दुर्मीळ बातम्या वाईट नसतात. लहान मुलांच्या गालावर, मानेवर, दंडावर एखादी गारगोटीसारखी कडक गाठ येते. त्वचा थोडी निळसर. आईबाप कर्करोगाच्या भीतीने अर्धे झालेले. पडद्यावर काळी कड, आत पांढरा गाभा, त्यात कॅल्शियमचे चमकते कण आणि मागे सावली. पायलोमॅट्रिकोमा. केसाच्या मुळातल्या पेशींपासून होणारी, जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी गाठ. १८८० साली मालेर्ब यांनी लिहून ठेवलेली. चित्र इतकं ठरावीक असतं की इथे मी नाव बिनधास्त लिहिते.

लहान मुलांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीने. बाळाच्या नाकाच्या शेंड्यापासून डोक्यापर्यंत अगदी मधोमध असलेली कुठलीही गाठ चित्र काढल्याशिवाय सुई घालून बघू नये. तिचा आत कवटीशी, मेंदूच्या आवरणाशी संबंध असू शकतो. तिथे सोनोग्राफीनंतर एमआरआय लागतोच.

जे दिसत नाही तेही सांगते. रंग दिसत नाही. डॉक्टरांच्या डोळ्याला आणि डर्मोस्कोपला (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाला) जे काळंनिळं कळतं ते माझ्या पडद्याला कळत नाही. मेलॅनोमाची (त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाची) जाडी मोजता येते, पण गाठीखाली सूज असेल तर तीही मोजमापात मिसळते आणि आकडा फुगतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून पातळ डाग नेहमीच्या प्रोबला दिसतच नाही. वर जाड खपली असेल तर आवाज तिथेच अडतो. म्हणून संशयास्पद तिळासाठी ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे ना’ असं म्हणून कुणी बायोप्सी टाळत असेल तर मी फोन करून भांडते.

भांडायचं आणखी एक कारण आहे. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला न पाठवता फेकून दिली जाते. ‘सिस्टच होती, काय पाठवायची’. मग दोन वर्षांनी त्याच व्रणात नवी गाठ घेऊन माणूस माझ्याकडे येतो आणि पहिली कोण होती, हे सांगायला जगात काही उरलेलं नसतं. व्रणाच्या ऊतीत नवी गाठ शोधणं हे या कामातलं सगळ्यात कटकटीचं काम. व्रणही काळाच दिसतो.

तुम्ही अशी तपासणी करायला जाणार असाल तर थोडं सोबत न्या. गाठ लहान असतानाचा मोबाइलमधला एखादा फोटो, जुने रिपोर्ट, आणि आधी काही काढलं असेल तर त्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट. नेलपॉलिश नको, गाठीवर मलम नको. चेहऱ्यावर फिलर (सुरकुत्या भरायचं इंजेक्शन) घेतलं असेल तर संकोच न करता सांगा. त्यातल्या हायलुरॉनिक ॲसिडचे थेंब पडद्यावर हुबेहूब बारीक सिस्टसारखे दिसतात आणि विनाकारण सगळ्यांची धावपळ होते. आणि शक्यतो आधी सोनोग्राफी, मग बायोप्सी. उलटं झालं तर सुईने झालेलं रक्त आणि सूज गाठीच्या कडांवर पसरते आणि पुढचे काही आठवडे कुठली कड गाठीची आणि कुठली सुईची, ते मला सांगता येत नाही.